९९९९१९ आणि सुनंदा

कात्रपच्या आमच्या फ्लॅटवर काल कुरियरवाला आला. “काका, ओटीपी बोला ना.” मी फोनमध्ये बघून ९९९९१९ वाचला आणि दारातच थबकलो.

अंबरनाथच्या शाळेत गणित शिकवत असताना हीच संख्या मी फळ्यावर लिहिली होती. ती मूळ संख्या आहे का, हे जो आधी सांगेल तो तालुक्याच्या स्पर्धेला जाणार होता. मी स्वतः अख्खा रविवार दोनपासून एकेका मूळ संख्येने भागत बसलो, तेव्हा कुठे ९९१ ने भाग गेला होता. बुवापाड्याची सुनंदा मात्र मिनिटभरात उठली. “नाही सर. ९९१ गुणिले १००९.”

खडूचा कोरडा वास, पंख्याची घरघर आणि उत्तर लिहिलेल्या, टेबलावरच्या वहीकडे गेलेली माझी नजर. मधल्या सुट्टीत ही एकटीच वर्गात होती.

“माझी वही कधी उघडलीस?”

“नाय उघडली, सर. दहा लाखाला एक्क्याऐंशी कमी आहेत ना? म्हणजे हजाराचा वर्ग वजा नऊचा वर्ग. मग हजारातून नऊ काढायचे, हजारात नऊ मिळवायचे. झालं!”

“सरांपेक्षा फास्ट!” मागून कोणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

तिचं बरोबर होतं, हे मला तिथेच कळलं. तरी मी म्हणालो, “पाठांतर पुरे, बस खाली,” आणि दुसऱ्याचं नाव पाठवलं. शाळा सोडेपर्यंत ती सगळ्यांसाठी वहीचोरच राहिली. मला संशय आला होता, असंच मी आजवर सांगत आलो. संशय अर्धा मिनिटही टिकला नव्हता. पुढचं सगळं मी समजून उमजून केलं.