डाव्या हाताच्या रेघा

माझी आत्या डूख धरते, असं आमच्या नात्यात सगळे कुजबुजत सांगतात. मी मोठ्यानं सांगते. धरते, आणि बरं करते.

ती नगररचना कार्यालयात आरेखक होती. गाव कुठे वाढणार, घरं कुठे, कारखाने कुठे आणि कुठली जागा मोकळी ठेवायची, हे सगळं नकाशावर उतरवायचं तिचं काम. घरांच्या जागेवर पिवळ्या तिरक्या रेघा, पाण्यावर निळ्या आडव्या. आत्या डावखुरी. गुण्या सगळ्यांच्या उलट बाजूनं धरायची, त्यामुळे तिच्या तिरक्या रेघाही उलट कलायच्या. "बाई, तुमची घरं पडतायत वाटतं," म्हणून ऑफिसात हसायचे. जुन्या साहेबांनी मात्र सांगून टाकलं होतं, रेघा कुठेही कलू देत, अख्ख्या नकाशावर एकसारख्या हव्यात. तेव्हापासून तिच्या नकाशाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, अशी रीतच पडली.

मग नवे साहेब आले. ऑफिसनं त्यांचं नाव मखमल ठेवलं, कारण त्यांनी झापलं तरी माणूस आभार मानून बाहेर पडायचा. एक दिवस ते आत्याच्या टेबलापाशी आले आणि गावाखालच्या तळ्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे अर्धं पिवळं करा."

"साहेब, चारी बाजूंचं पाणी उतरून तिथेच येतं. घरं वरच्या माळावर दाखवा की. खडक आहे, उतार आहे, जागाही ढीगभर आहे."

"बरं, राहू द्या," मखमल गोड हसले.

आत्याला वाटलं, पटलं बिचाऱ्याला. आयुष्यात तिनं केलेली चूक तेवढीच. आजीच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस रजा काढून ती परत आली, तेव्हा नकाशा छापून आला होता आणि अर्धं तळं पिवळं झालं होतं. ती तरातरा साहेबांकडे गेली. "छापखान्याचा घोळ दिसतोय. दुरुस्तीपत्रक काढू," साहेब म्हणाले. ते कधीच निघालं नाही.

तळ्यात भराव पडला, वर वसाहत उभी राहिली, आणि माझ्या बाबांनी तिथेच तळमजल्यावर घर ठरवलं. आत्या धावत आली. "अरे, ऐक माझं, तिथे घेऊ नकोस. ते तळं आहे."

"ताई, तुझं स्वतःचं घर झालं नाही, म्हणून तुला माझं बघवत नाही," बाबा म्हणाले. मी दहा वर्षांची होते, दारात उभी होते. आत्यानं हातातला पेला खाली ठेवला आणि ती निघून गेली.

तिसऱ्या वर्षी खिडकीच्या चौकटीपर्यंत पाणी आलं. माझी पुस्तकं फुगून दुप्पट झाली, आईचं शिलाई मशीन गाळात गेलं. लोक चिडले, चौकशी बसली. मखमलसाहेबांनी लेखी दिलं, "सदर नकाशा आरंभापासून अखेरपर्यंत याच आरेखकाच्या हातचा असून इतर कुणीही त्यास हात लावलेला नाही." चौकशी समितीनं नकाशाची लहान केलेली झेरॉक्स बघितली. तिच्यात रेघांचा नुसता काळा डाग झाला होता. मूळ नकाशा मागवा म्हणून आत्या घसा फोडून सांगत होती. कोण ऐकतंय? निष्कर्ष निघाला, आरेखकाची नजरचूक. तिची बढती थांबली आणि बदली झाली तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये.

बाबा भेटेल त्याला सांगत सुटले, "सख्ख्या बहिणीनं बुडवलं हो आम्हाला." आणि त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. एक नाही, दोन नाही, अकरा वर्षं. मी चोरून जायचे तिच्याकडे.

पण मखमल कितीही हुशार असले, तरी बाईला शिक्षा म्हणून नेमकं कुठे पाठवलं हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. मूळ नकाशा त्याच खोलीत होता. चौथ्या दिवशी आत्यानं तो काढून झरोक्याच्या उजेडात धरला. तळ्यावरची निळी शाई पात्यानं खरवडलेली होती, आणि वरच्या पिवळ्या रेघा कलल्या होत्या सगळ्या जगासारख्या. बाकी अख्खा नकाशा आत्यासारखा.

कॉलेजात असताना तिनं मला हे सांगितलं, तेव्हा माझा संताप झाला. "अगं, मग बाबांना दाखव ना!"

"भावाला पुरावा दाखवायचा?" ती म्हणाली. "आणि साहेब खुर्चीत असताना मी ओरडले, तर दुसऱ्या दिवशी नकाशा गायब. चारचौघांत निघाला पाहिजे तो."

म्हणून ती थांबली. जुने कागद नष्ट करायच्या यादीत मखमलनी तो नकाशा घातला, तेव्हा तिनं शेजारी शेरा मारला, जतन करावे. पुढे मखमल निवृत्त होऊन एका बिल्डरचे सल्लागार झाले. गेल्या वर्षी आत्याही निवृत्त झाली, आणि सुधारित आराखडा जाहीर झाला. उरलेलं अर्धं तळंही पिवळं! हरकतींना मुदत तीस दिवस, मग जाहीर सुनावणी. आत्यानं पहिल्याच दिवशी हरकत दिली.

सुनावणीला सभागृह गच्च भरलं होतं. बाबा तिसऱ्या रांगेत होते, मी मुद्दाम त्यांच्या मागे बसले. बायकोला घेऊन आलेला एक तरुण उठला आणि आत्यालाच म्हणाला, "तळं वाचवा, कबूल. पण आम्ही राहायचं कुठे?"

"वर," आत्या म्हणाली आणि तिनं स्वतः काढलेला नकाशा टेबलावर पसरला. माळावर तेवढीच घरं होती, वर चाळीस जास्त. "घरं नकोत असं मी कधी म्हटलं? पाण्यात नकोत, एवढंच म्हणतेय."

मखमल हळूच उठले. "बाईंबद्दल आदर आहे. पण त्यांच्या हातून एकदा वसाहत बुडाली आहे. तेव्हा त्यांच्या नकाशावर किती विसंबायचं..."

सभागृह हसलं. बाबाही हसले. मी बघितलं.

आत्या शांतपणे सुनावणीच्या अधिकारीबाईंना म्हणाली, "मूळ नकाशा मागवा. रॅक सहा, गुंडाळी एकोणीस."

"तो कधीच नष्ट झाला असेल," मखमल म्हणाले.

"तुम्ही यादीत घातला होतात, साहेब. मी राखला."

नकाशा आला. शिपायानं तो खिडकीच्या काचेवर धरला. आत्यानं मखमलचं ते लेखी वाक्य वाचून दाखवलं, मग डाव्या हातानं दहा रेघा ओढल्या आणि गुण्या त्यांच्यापुढे सरकवला. "कुणी हात लावला नव्हता ना? मग तळ्यावरच्या रेघा कुणाच्या? घ्या, आता तुम्ही ओढा."

मखमलच्या तोंडचं पाणी पळालं. "माझी तब्येत जरा..."

"ओढा की," अधिकारीबाई म्हणाल्या. मागून वसाहतीतलं कुणीतरी ओरडलं, "काय रे मखमल, हाताला काय झालं?"

त्यांनी गुण्याला बोटही लावलं नाही. "वरून दबाव होता," एवढंच पुटपुटले. अधिकारीबाईंनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. तळं निळंच राहिलं, घरं माळावर गेली आणि जुनी चौकशी पुन्हा उघडली. मखमल बाहेर पडताना आत्या दारात वाट अडवून उभी होती. "साहेब, दुरुस्तीपत्रक काढायचं राहिलं होतं ना? आज निघालं बघा." तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही. काय गार वाटलं म्हणून सांगू!

संध्याकाळी बाबा आत्याच्या दारात गेले. मी आतच होते. "ताई," ते म्हणाले आणि चपला काढायला लागले.

आत्यानं दार अर्धंच उघडलं. "तोंडी चालत नाही. जे काय असेल ते लेखी दे."

दुसऱ्या दिवशी बाबांनी माझ्या हाती चार पानं पाठवली. रात्रभर रडून लिहिलेली असावीत, अक्षर फुटलं होतं. आत्यानं ती सावकाश वाचली. डोळे पुसले. मग डाव्या हातानं कोपऱ्यात तारीख घातली, खाली लिहिलं 'प्राप्त', आणि पानं कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"मग काय सांगू त्यांना?" मी विचारलं.

"सांग, विचाराधीन आहे."

"किती दिवस?"

"त्याला अकरा वर्षं लागली. मला काय घाई आहे?"

घरी बाबा उंबऱ्यातच उभे होते. मी त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, विचाराधीन आहे. आणि बुटाची नाडी सोडायला खाली वाकले, कारण मला हसू येत होतं.