हवेचा फोटो

वडिलांनी अजून साठी गाठली नव्हती. सुभेदार होऊन सैन्यातून परतलेला माणूस एका सकाळी आमच्याच उसाच्या बांधावर थांबला आणि मला म्हणाला, "ही जमीन कुणाची रं?" पुढं घरच्यांची नावंही जाऊ लागली. डोक्यात गाठ असेल, असं म्हणून साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगलीकडच्या एका मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

ते सत्तरचं दशक होतं. मेंदू आरपार दाखवणारं यंत्र आमच्या भागात आलं नव्हतं. कण्यात सुई घालून थोडं पाणी काढायचं, त्या जागी हवा सोडायची आणि ती डोक्यात चढली की एक्सरे घ्यायचा. हवा असेल तिथं फिल्म काळी दिसते. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं, "गाठ निघाली तर कापायचा प्रयत्न करता येईल. नुसता मेंदू आकसत असेल, तर माझ्याकडं औषध नाही."

तेव्हापासून मी गाठच निघावी म्हणून विनवत होतो, मनातल्या मनात. आईला गाठ म्हणजे मरण, एवढंच ठाऊक. घरून निघण्याआधीच ती औंधच्या यमाईला नवस बोलून बसली होती: गाठ निघू देऊ नको, जोडीनं पायऱ्या चढून ओटी भरीन.

वडिलांना खुर्चीत बसवून पट्ट्यांनी बांधलं. हलू नका म्हटल्यावर ते परेडवर असल्यासारखे ताठ राहिले. नंतर काही दिवस डोकं धरून कण्हत होते, ओकत होते.

"कुणी मारलं रं मला?"

"कुणी नाही आबा, फोटो काढला."

"फोटोला एवढं मारत्यात व्हय?"

डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. मधल्या पोकळ्या फुगलेल्या, कडेच्या घड्यांत काळ्या भेगा. त्यांनी पट्टी लावून माप घेतलं. "या वयाला एरवी किती असतं?" मी विचारलं. त्यांनी पट्टीवर बोट ठेवून दाखवलं. फरक कळायला डॉक्टर असण्याची गरज नव्हती. गाठ कुठंच नव्हती. अल्झायमर असावा, म्हणाले. तो शब्द मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतला.

बाहेर बाकावर आई होती. गाठ नाही, एवढं ऐकताच तिनं हात जोडले. मग मी तिला बाकीचंही सांगितलं. तिनं जोडलेले हात सोडले.

"तरी नवस फेडायचा," ती म्हणाली. "तिची काय चूक?"

औंधला तिनं वडिलांना हात धरून पायऱ्या चढवल्या. देवळात पोचल्यावर त्यांनी हात सोडवून घेतला आणि परक्या बाईला विचारावं तसं अदबीनं विचारलं, "आवं बाई, नवस कुणाचा हाय?"

"तुमचाच की."

"पावली का मग देवी?"

"पावली. मागितलं तेच दिलं."

"मग रडताय कशाला?"

आईनं प्रसादाचा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"खोबरं हाय," ते म्हणाले.

"व्हय," आई म्हणाली. "खावा."