पायाच्या करंगळीचं नख

दर शनिवारी पहाटेच्या एसटीने सुरभी मुंबईला जाते ती नोकरीसाठी, असं पेणमधल्या तिच्या अर्ध्या आळीला वाटायचं. उरलेल्या अर्ध्या आळीला वाटायचं, ती कुणालातरी भेटायला जाते. खरं कारण कळलं की दोन्ही बाजूंचा हिरमोड व्हायचा. सुरभी विद्यापीठात प्राचीन ग्रीक शिकायला जात होती.

"ते शिकून कंपनीत घेतात काय गो?" मूर्तीला पॉलिश पेपर मारता मारता कारखान्यात कामाला असलेल्या धोंडुबाईंनी एकदा विचारलं.

"नाय."

"मग त्या देशात गणपती बसवतात?"

"नाय ओ मावशी."

"मग कशाला येवढी वणवण?" म्हणून धोंडुबाई पुन्हा कामाला लागल्या.

तिच्या वडिलांचा, दिनानाथांचा, गणपतींचा कारखाना होता. आठवडाभर ती तिथे मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायची. हातात कला होती, दोन पैसे मिळत होते, सगळं बरं चाललं होतं. पण सुख बोचतं म्हणतात ना, तसं झालं, नि तिने ग्रीकच्या वर्गात नाव घातलं. तिथे एका लांब टेबलाभोवती सात विद्यार्थी बसत. शिकवणाऱ्या बाई एकाला एक ओळ वाचायला लावत आणि मग त्या एका ओळीवर बाकीचे दोन तास भांडत. सुरभी भांडायची नाही. भांडायला आधी ओळ कळावी लागते. वर्षभरात तिच्या तोंडून बिनचूक निघालेलं वाक्य एकच होतं, "बाई, फळ्यावर जागा संपली." घरी येऊन ती जेवणाच्या ताटावर रडायची, की आपल्याला काही म्हणता काही कळत नाही.

कळली ती एकच गोष्ट, आणि तीसुद्धा कारखान्यामुळे. बाईंनी एका जुन्या ग्रीक नाटकाच्या चार हस्तलिखितांच्या छायाप्रती वाटल्या आणि म्हणाल्या, कुणी कुणावरून उतरवलं ते शोधा. बरोबर लिहिलेल्यावरून काही सिद्ध होत नाही, दोघांची चूक एकच असेल तर नातं. आणि एकात ती चूक असून वर आणखी काही पुसलेलं असेल, तर ती मागाहूनची नक्कल. पुसलेलं नकलेत परत येत नाही. सुरभी मनात म्हणाली, अरेच्चा, हे तर साच्याचं आहे! एका साच्यातल्या मूर्तीवरून दुसरा साचा काढला, की तिच्या चुकाही उतरतात नि बारीक नक्षी पुसट होते.

नेमकं त्याच सुमारास साच्यावरून भांडण पेटलं. रोह्याजवळ वरश्यात बाबांच्याच धंद्यातल्या दत्तात्रेयकाकांचा कारखाना होता. पोटाला नाग बांधलेला बसका गणपती तेही विकत आणि दिनानाथही विकत. हा गणपती सुरभीच्या आजोबांनी, महिपतींनी, स्वतः घडवला, हे घरात वेदवाक्य होतं. दत्तात्रेयकाका मात्र व्यापाऱ्यांना सांगत सुटले, की तो त्यांच्या वडिलांचा, कान्हूंचा. दिनानाथांनी मूर्तिकारांच्या संघटनेत तक्रार ठोकली. आजोबांचं नाव राहणार की जाणार, एवढाच प्रश्न उरला.

"मी ठरवते," सुरभी म्हणाली. "आमच्याकडे ग्रीकमध्ये याचं शास्त्र आहे."

'आमच्याकडे' म्हणताना जीभ अडखळायला हवी होती, पण उथळ पाण्याला खळखळाट फार. बाबांनी तिच्याकडे क्षणभर बघितलं आणि चटकन म्हणाले, "व्हय, हीच बघेल." तिला धन्य धन्य वाटलं.

टेम्पोत घरचा जुना साचा टाकून बापलेक वरश्याला गेले. संघटनेतले चार जाणते खुर्च्या टाकून बसले होते. दत्तात्रेयकाकांनी कान्हूंच्या वेळचा साचा पोत्यातून काढून समोर ठेवला. सुरभीने बाईंसारखा चष्मा नाकावर खाली ओढला.

"दोन्हीकडे डाव्या पायाच्या करंगळीला नख नाही," ती म्हणाली. "अशी चूक दोन माणसं वेगवेगळी करत नाहीत. म्हणजे एक साचा दुसऱ्यावरून काढलाय." जाणत्यांनी माना डोलावल्या. बाबाही हसले. "आता हा नाग. एकीकडे खवलं शेपटापर्यंत स्वच्छ आहेत. दुसरीकडे शेपटाशी सपाट आहेत; झिजलेली नव्हेत, मुळात उतरलीच नाहीत. पुसलेलं नकलेत परत येत नाही. म्हणून सपाट ती नक्कल!"

वर्षभरात पहिल्यांदा उत्तर आलं होतं. तिला नाचावंसं वाटलं.

"आणि सपाट कुठला?" एका जाणत्याने विचारलं.

"आमचा!" सुरभी आनंदाने ओरडली.

मग आपण काय बोललो ते तिच्या कानांनी ऐकलं. दत्तात्रेयकाकांनीसुद्धा मान खाली घातली. एवढा सोपा विजय त्यांनाही पेलवेना. कुणीतरी चहा मागवला.

परतीच्या वाटेवर टेम्पो गडब गावापाशी आला. सुरभी स्वतःला शिव्या घालत होती. हजारो कोसांवरच्या मेलेल्या नकलकारांच्या चुका शोधायला गेली, आणि पहिली चोरी पकडली ती सख्ख्या आजोबांची. अशी विद्वान शत्रूच्या घरीही जन्मू नये.

"बाबा, चुकलं माझं."

"चुकलं नाय. बरोबर हाय ते." दिनानाथ रस्त्याकडे बघत म्हणाले. "अण्णांनी, तुझ्या आजोबांनी, जायच्या आधी मला सांगितलं होतं. कान्हूचा साचा दोन दिवस मागून आणलेला, त्यावरून आपला काढला नि परत देताना त्याला बोलले नाय."

"तुम्हाला ठाऊक होतं? मग तक्रार कशाला केलीत?"

"दत्तू बोंबलत सुटला ना गावभर. मी त्याच्याहून मोठ्यानं बोंबललो."

"आणि मला कशाला नेलंत?"

बाबांनी गिअर बदलला.

"वर्षभर ताटावर रडतेस, काय कळत नाय म्हणून. वाटलं, ही चार कठीण शब्द बोलेल, मंडळी गप्प बसतील, नि सुटू. तुला येतं, हे मला काय माहीत गो?"

सुरभीला बाबांची लाज वाटली, त्यांची कीवही आली, आणि लाज वाटावी इतका आनंद झाला. ती खिडकीकडे तोंड फिरवून बसली, कारण त्यातलं शेवटचं चेहऱ्यावर दिसत होतं.