टेबल बदलल्याचं मी बोलले नाही

आमच्या ऑफिसात एक रीत आहे. डेटाबेसमधलं टेबल ज्याने बदललं, त्याने जागेवर उभं राहून मोठ्याने सांगायचं. मग सर डेटाबेसशी आधीपासून जोडलेली जुनी कनेक्शन्स बंद करून नवी उघडतात. खोलीत आम्ही सहाजणच, तरी मला ते कधी जमलं नाही. माझं इंग्रजी शाळेतलं मराठी ऐकून कोणी हसेल असं वाटायचं. त्या दुपारी आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका रक्तपेढीच्या टेबलात मी एक रकाना वाढवला आणि तेवढं ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहून टाकलं. सर डबा खात होते.

थोड्या वेळाने रक्तपेढीतून फोन आला. तिथले तंत्रज्ञ माझ्या वडिलांच्या वयाचे.

"मॅडम, रक्ताची बॅग शोधतो तर स्क्रीनवर लाल पट्टी येऊन राहिली. काहून? एकदा दिसते, एकदा नाही."

मला लगेच कळलं. एखाद्या प्रश्नाचं उत्तर कसं काढायचं हे डेटाबेस एकदा ठरवतो आणि कनेक्शन उघडं असेपर्यंत तेच लक्षात ठेवतो. रकाना वाढला की उत्तराचा आकारच बदलतो. मग जुनी कनेक्शन्स उत्तर द्यायला नकार देतात, नवी देतात.

"लवकर पाहा. उमरेडहून आणलेली बाळंतीण हाय, रक्त थांबून नाही राहिलं. तिचा भाऊ समोर उभा हाय माझ्या."

"फ्रिजमधली लेबलं वाचून..."

"तिच्या रक्ताशी कोणत्या बॅगा जुळल्या, ते तुमच्या कॉम्प्युटरातच हाय ना!"

फोन चालूच ठेवून मी सरांकडे गेले. "सर, रक्तपेढीचं टेबल मी बदललं. बॅगा सापडत नाहीयेत."

"मग बोलली काहून नाही वं?"

"ग्रुपवर टाकलं होतं."

"ग्रुपवर माझी आत्या रोज गुलाबाची फुलं टाकते. कोण पाहते?"

कोणीतरी हसलं. सर हसले नाहीत. उजवा हात खरकटा होता, त्यांनी डाव्या हातानेच सगळी जुनी कनेक्शन्स बंद करून नवी उघडली. मी फोन कानाला लावला.

"आली, आली. दोन बॅगा वर पाठवतो," ते म्हणाले आणि फोन कट झाला.

संध्याकाळी हुडकेश्वरला घरी निघण्याआधी मीच रक्तपेढीत फोन केला. मी सहसा कोणाला फोन करत नाही.

"तिसरी बॅग मागितली नाही त्यांनी," ते म्हणाले.

याचे दोन अर्थ होत होते. "वॉर्डात विचाराल का?"

फोन टेबलावर ठेवून ते गेले. पलीकडे फ्रिज घरघरत होता. मी ऐकत बसले.

"हाय. झोपली हाय," परत येऊन ते म्हणाले. "भावाले सांगू का, तुमच्या इथून विचारपूस केली म्हणून?"

नको म्हणून सुटता आलं असतं. दुपारचा उशीर कोणामुळे झाला, ते मी त्यांना सांगितलं. भावाला सांगायचं त्यांनी परत काढलं नाही.

मग म्हणाले, "ठेवतो, मॅडम."