होकाराहून थोडे अधिक

आमची नात भौतिकशास्त्रात संशोधन करते. सुटीत ती भोकरदनला घरी आली, तेव्हा मंठ्याचे एक स्थळ तिच्या उत्तराची वाट पाहत होते. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, मला म्हणाला, "बाबा, सरळ विचारलं की ती बिथरती. तुम्ही हळूच अंदाज घ्या."

रीत नातीनेच आयती पुरवली. तिचा विषय होता दुर्बल मापन. सूक्ष्म कण थेट मोजला की त्याची मूळ अवस्था मोडते. म्हणून त्याला अगदी अलगद स्पर्श करावा. एका स्पर्शाने जवळजवळ काहीच कळत नाही. तशाच असंख्य कणांना स्पर्श करून, शेवटी आपल्याला हव्या त्या अवस्थेत सापडलेल्यांचीच सरासरी काढावी. मग कधीकधी एकाहून मोठी होऊच न शकणारी राशी चक्क शंभर भरते!

"त्या शंभराचा अर्थ काय?" मी विचारले.

"त्यावरच तर भांडण चालू आहे, आबा."

भांडणात मला रस नव्हता. रीत मात्र पसंत पडली. पूजेची फुले निवडताना मी म्हणे, "मंठ्याकडचे लोक बोलायला गोड." ती म्हणे, "असतील." चहाच्या वेळी म्हणे, "मंठा काही फार लांब नाही." ती म्हणे, "बस मिळाली तर." सायंकाळी ती प्रसन्न मुद्रेने आरतीला आली, तर त्या दिवसाची उत्तरे ग्राह्य, कपाळाला आठी असली, तर तो दिवसच त्याज्य.

सुटी संपत आली तेव्हा मी मुलाला गंभीरपणे सांगितले, "आठीचे दिवस गाळले, तर होकार आहे. किंबहुना होकाराहून थोडा अधिकच."

"मंग लावू का फोन?"

"आबा," दारातून नातीचा आवाज आला, "आणि गाळलेल्या दिवसांचं काय?"

"ते अनध्यायाचे. पाठशाळेत असे दिवस धरत नाहीत."

"मग हा होकार माझ्या मनातला, की तुमच्या निवडीतला?"

धूर दिसल्यावाचून अग्नी मानू नये, असे मी जन्मभर पाठशाळेत न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बजावत आलो. इथे तर धूर मीच केला होता.

"बरं, सरळ विचारतो. मंठ्याचं स्थळ हवं का?"

ती उंबऱ्यावर बसली. एरवी मी तिला तिथून उठवले असते. ती खरोखरच विचार करत होती. मुलाचा अंगठा मोबाइलवर अधांतरी थांबला होता.

"न्हाई," ती म्हणाली.

"हे आल्यापासूनच ठरलं होतं?"

"न्हाई हो, आबा. तुम्ही विचारलंत, तेव्हा ठरलं."

मुलाने माझ्याकडे असे पाहिले, जणू नकार मीच दिला होता. शास्त्रदृष्ट्या त्याला खोडून काढणे मला जमले नाही.