लांजेवार मॅडमचं पाणकणीस

लांजेवार मॅडम वर्गात प्रमाण मराठीत शिकवायच्या आणि झाडीबोलीत रागवायच्या. आमच्या मोहाडीकडच्या कॉलेजात त्यांचं रागावणंच जास्त लक्षात राहायचं. त्या वनस्पतिशास्त्राच्या, मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक. पाणवनस्पती पाणी शुद्ध करतात, असं एखादा विद्यार्थी म्हणाला की त्या खडू खाली ठेवायच्या. "शुद्ध करते म्हंजे काय करते? विष जाते कुठं, ते सांग!"

त्यांच्या गावच्या तलावात धातूला मुलामा देणाऱ्या एका कारखान्याचं काळं पाणी नाल्यातून यायचं. साडीचा काचा मारून, गुडघाभर चिखलात उभं राहून मॅडमनी नाल्याच्या तोंडाशी पाणकणीस हे उंच पाणगवत लावलं. त्याची मुळं-पानं आम्ही माझ्या प्रयोगशाळेत तपासायचो. शिसं आणि क्रोमियम झाडांत उतरत होतं, तलाव निवळत होता. कापलेलं पाणकणीस कारखान्यानं विषारी कचऱ्यासोबत उचलून न्यायचं, असं ठरलं होतं. पाणी निवळल्यावर कारखान्याच्या साहेबांनी तलावाच्या पाळीवर स्वतःचा सत्कार करून घेतला. पाणकणीस उचलायला मात्र कुणी फिरकलं नाही.

आमच्याकडे तलावातून जे निघेल ते, गाळ म्हणा, गवत म्हणा, धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, खत म्हणून जातं. आजा-पणज्यापासूनची रीत. त्याच रीतीनं सरपंचांनी पाणकणसाला ट्रॅक्टर लावला. मॅडम ट्रॅक्टरला आडव्या आल्या.

"पानी साफ झालं ना मॅडम? मंग आता कायले चिल्लावता?" सरपंच म्हणाले.

"भाऊ, झाडानं विष खतम नाही केलं, पोटात ठेवलं! तुमी ते पोट बांधीत नेऊन फाडून राहिले!"

त्या दिवशी ट्रॅक्टर रिकामा परतला, पण प्राचार्यांनी मॅडमना बोलावून घेतलं. "कारखाना आपल्या कॉलेजचा हितचिंतक आहे. जरा सबुरीनं घ्या." हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. सबुरी कोणी धरायची? तो भात खाणाऱ्यांनी?

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मजूर लावून सगळं पाणकणीस मुळासकट उपटलं. इतक्या वर्षांचं संशोधन होतं ते. मेटाडोरमध्ये भरून त्यांनी ते कारखान्याच्या फाटकात ओतलं. "तुमचं हाय. तुमीच ठेवा."

पोलिसांत तक्रार झाली, कॉलेजनं निलंबित केलं. तलाव पुन्हा काळा पडला आणि गाव त्यांनाच शिव्या देऊ लागलं. मी चिडून विचारलं, "मॅडम, या लोकांसाठी केलंत हे?"

"देऊ द्या शिव्या, सर. काळं दिसते तोवर तिथलं काही कोणी बांधीत नेणार नाही."

खरंच, त्या साली तलावातल्या गाळाची एक पाटीसुद्धा कोणाच्या बांधीत गेली नाही. कॉलेजनं मॅडमना परत घेतलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात मॅडम वारल्या. कारखान्याचे साहेब मोठा हार घेऊन आले होते. मी त्यांना तिरडीजवळ येऊ दिलं नाही.