मागून मारलेली हाक

अन्याय झाला तो माझ्या मायवर, पौषातल्या एका बुधवारी, सोनाळ्यातल्या आमच्या घरामागच्या विहिरीपाशी, धुके अजून सातपुड्याच्या पायथ्याला लोंबत होते आणि कोवळे ऊन निंबाच्या खोडावर निम्म्यापर्यंत उतरले होते तेव्हा. कोणावर, केव्हा, कुठे, हे पहिल्याच ओळीत सांगून टाकावे ही शिस्त मला पत्रकांनी लावली आहे. कोणी केला, हेही त्याच ओळीत यावे असा दंडक आहे. तो मी इथे मोडतो आहे, आणि का मोडतो आहे ते पुढे दिसेलच.

विहिरीच्या ओट्याला तीन दगडी पायऱ्या आहेत. माय वरून उतरत होती. डोक्यावर तिच्या जुन्या लाल लुगड्याच्या काठाची वळलेली चुंबळ, चुंबळीवर घागरीएवढा भरलेला पितळी गुंड, त्यावर लहान कळशी. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्याच पायऱ्या त्याच ओझ्यासह उतरत आली होती, आणि तिच्या चालीत असे काही स्थैर्य होते की वरच्या कळशीतल्या पाण्यात आभाळाचा तुकडा न हलता घरापर्यंत येई. त्या दिवशी ते आभाळ फुटले. गुंड गडगडत गुरांच्या हौदापर्यंत गेला, त्याच्या पोटाला मुठीएवढा पोचा पडला, आणि माय उजव्या मनगटावर शरीराचा सारा भार घेऊन तिसऱ्या पायरीवर आपटली.

हाडवैद्य आला, बांबूच्या कामट्या बांधून गेला. मनगट बसेल पण वाकडे बसेल, म्हणाला, आणि जाताना उंबरठ्यावरून एकच शब्द टाकून गेला: जपा. त्या दोन अक्षरांचे आम्ही काय केले ते ऐका. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या हातचे काम काढून घेणे यासारखा दुसरा मान नाही. जितके काम काढून घ्याल तितके तुम्ही गुणी. वहिनीने झाडू घेतला, चूल घेतली, जाते तर मायच्या दृष्टीसही पडू नये असे कोपऱ्यात सरकवले. मोठ्या भावाने ओसरीच्या उन्हात बाज टाकली. आणि मी, गावोगाव हिंडून माणसाच्या स्वातंत्र्यावर बोलणारा मी, तिने परसात पाऊल टाकायचे नाही असा हुकूम काढला. गावातली माणसे ओसरीवर येत, मायला उशीला टेकलेली पाहत आणि म्हणत, लेक असावा तर असा. मला ते गोड लागे.

पाणी भरायला भोयांची कावेरी ठेवली. तिशी ओलांडलेली, सावळी, चालताना एक शब्द आणि थांबली की दहा शब्द बोलणारी. तिला मायचाच पोचा पडलेला गुंड दिला आणि खुंटीवरची तीच लाल चुंबळ दिली. कावेरी ओट्यावरून उतरताना माय बाजेवरून तिच्या डोक्याकडे एकटक पाहत असे. मला ते दुःख वाटले. मत्सर ओळखायला माणूस आधी स्वतः मत्सरात भाजून निघावा लागतो, आणि माझी पाळी अजून यायची होती.

माघ गेला. तुरीच्या शेंगांचा आणि वेचलेल्या कापसाचा वास अंगणातून उतरला, ऊन धीट झाले, आणि मायचे पाय मात्र थंडीतच राहिले. आधी ती भिंत धरून चाले, मग दार आणि भिंत यांच्यामधल्या दोन हातांच्या मोकळ्या जागेलाही भिऊ लागली, आणि फाल्गुनात अशी वेळ आली की मोरीपर्यंत जायला तिला कोणाला तरी बोलवावे लागे. ती मला बोलावी. मी जाई. तिचा सगळा भार माझ्या दंडावर येई आणि, लाज सोडून लिहितो, मला तो भार आवडू लागला होता. जन्मभर ही बाई माझ्यासमोर कधी बसली नव्हती. काही वाचून दाखवावे तर ती चुलीकडे, गोठ्याकडे, विहिरीकडे, सतत पाठमोरी. आता ती बाजेवर होती आणि खामगावच्या छापखान्यातून आलेले माझे प्रत्येक पत्रक, मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारला विचारलेला प्रत्येक जळजळीत प्रश्न, तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावा लागत होता. सभेला माणसे जमोत न जमोत, एक श्रोता मला घरात बांधून ठेवलेला मिळाला होता.

कावेरीने हे सगळे डोक्यावर पाणी असताना, मान न वळवता पाहिले असणार. एके दिवशी गुंड उतरवून ती वहिनीला म्हणाली, "बाईले पापडावानी उनात वाळू घातलं का वं?"

वहिनी म्हणाली, "वैद्यबुवानं जपाले सांगितलं."

"आमच्यात बाजेवर बसणाऱ्याले पाह्याले कोन रिकामं हाये? माही सासू नदीवर पडली. पंधरा दिवस निजली, मंग मी उठवलं. नाही उठली त शिव्या देल्या, मंग उठली."

हा संवाद मला वहिनीने पुष्कळ नंतर सांगितला. त्या वेळी मी गावात नव्हतो. दौऱ्यावरचे साहेब लोक गाड्या, बैल, माणसे फुकट राबवून घेतात त्या वेठीविरुद्ध आमची मोहीम चालू होती, आणि मी दर दोन दिवसांनी संग्रामपूरच्या वाटेला लागत असे. माझी पाठ वळली की घरात एक शाळा भरत होती. तिघी बायकांनी ती माझ्यापासून लपवली होती.

त्या शाळेचा अभ्यासक्रम कावेरीचाच. पोरीला डोक्यावर पाणी आणायला शिकवतात तसेच म्हातारीला पुन्हा शिकवायचे, एवढेच तिचे शास्त्र. आधी हात न टेकता बाजेवरून उठणे आणि बसणे, दहादा. मग तेच उखळावरून. मग जमिनीलगतच्या पाटावरून, जिथून उठताना मांड्या थरथरतात. मग गोठ्याचा खुंटा एका बोटाने धरून एका पायावर उभे राहणे, वहिनीची पोळी तव्यावर एकदा उलटेपर्यंत. मग गोठ्यापासून निंबापर्यंत राखेची रेघ ओढून त्या रेघेवर चालणे, टाचेला अंगठा लावत. शेवटी चुंबळ, चुंबळीवर आधी रिकामा लोटा, मग भरलेला, मग रिकामा गुंड. "फरक इतलाच," ती म्हणे, "पोरगी पडली त हासते, म्हातारी पडली त घर रडते."

मायला घाई होती, कारण चैत्र तोंडावर होता. चैत्राच्या पहिल्या दिवशी आमच्या निंबाखाली वाटसरूंसाठी रांजण बसतो आणि त्यात पहिले पाणी मायच्या डोक्यावरून येते. एकही चैत्र चुकला नव्हता. यंदा ते पाणी कावेरी भरेल, असे मी परस्पर ठरवूनही टाकले होते. मायने ते ऐकून घेतले होते. आता मागे वळून पाहता मला वाटते, ते पाणी कोणाच्या डोक्यावरून जाणार यावरच तिचे पुढचे सगळे आयुष्य टांगलेले होते: एक तर विहीर, नाही तर बाज.

पाडव्याच्या आदल्या दिवशी संग्रामपूरची सभा जमलीच नाही. बाजार होता, माणसे होती, पण माझ्याभोवती चौघे उभे राहिले आणि त्यातले दोघे सावलीसाठी. मी चिडून परतलो आणि दुपार व्हायच्या आत मागच्या पडवीत येऊन उभा राहिलो. निंब मोहरला होता. त्या बारीक पांढऱ्या फुलांचा कडवट-गोड वास परसभर दाटला होता, आणि त्या वासातून, राखेच्या रेघेवरून, माझी माय चालली होती. मला पाठमोरी. डोक्यावर तोच पोचा पडलेला गुंड, दोन्ही हात सैल सोडलेले. वाकडे मनगट गुंड सावरायला निरुपयोगी, म्हणून सारा तोल मानेत आणि तळपायांत. तिच्यासमोर कावेरी उलट्या पावलांनी मागे सरत होती, दोन्ही तळहात पुढे, मायच्या हातांपासून वीतभर दूर. धरत नव्हती. काही झालेच तर धरील एवढ्या अंतरावर ते हात तरंगत होते, आणि दोघींची नजर एकमेकींत अशी रुतली होती की मध्ये माशीलाही जागा नव्हती.

मी पत्रकांत द्वेष लिहिला आहे, चीड लिहिली आहे. मत्सर कधी लिहिला नाही, कारण तो नेहमी दुसऱ्या पक्षाचा दोष असतो. त्या वीतभर अंतराचा मला जो मत्सर वाटला तो मी आज लिहितो आहे. मी तिला दंडाला धरून चालवत होतो, तिचे सगळे वजन वाहत होतो, आणि ती माझ्याबरोबर दिवसेंदिवस लहान होत गेली होती. ही परकी बाई तिला स्पर्शही न करता उंच करत होती. मायच्या चेहऱ्याचा मला फक्त कानामागचा भाग दिसत होता, पण तेवढ्यावरूनही कळत होते की ती हसते आहे. माझ्या एकाही पत्रकाला ती हसली नव्हती की रडली नव्हती.

मी हाक मारली. "माय."

इथे तो मोडलेला दंडक पुरा करतो. पौषातल्या त्या बुधवारी मी याच पडवीत होतो. हातात नव्या पत्रकाचा ओला खर्डा होता, मथळा मनासारखा जमला होता, आणि दुसऱ्या पायरीवर पोचलेल्या मायला मी मागून अशीच हाक मारली होती: माय, ऐक वं हे. ती वळली होती. डोक्यावर दोन भांडी असोत, कडेवर मूल असो, माझ्या हाकेला ती वळली नाही असे कधी झालेच नव्हते. घरात सगळे म्हणाले, शेवाळ होते. गाव म्हणाले, वय होते. मी म्हणालो, पायरी झिजली आहे. माय काहीच म्हणाली नाही. मला वाटले, पडण्याच्या धक्क्यात ती माझी हाक विसरून गेली.

आज ती वळली नाही.

गुंडाखालची मान तसूभरही हलली नाही. पावलामागे पाऊल लावत तिने रेघ संपवली, निंबाच्या खोडाला तळवा टेकला, कावेरीने गुंड उतरवून घेतला, आणि मग माय वळली. मान आधी नव्हे, पाय आधी, लहान लहान पावले टाकत, भरली गाडी वळते तशी सगळीच्या सगळी.

"आता बोल," ती म्हणाली. "मांगून हाक नोको मारत जाऊ, बापू. मान वळली का पाय जाते."

कावेरी तोंडाला पदर लावून हसत होती. "पायरी सोपी होती बापूसाहेब. तुमची हाकच लय भारी पडली. आठ दिवस झाले, मीच मांगून तुमच्या आवाजात कोकलून राह्यली, 'माय, ऐक वं हे.' पह्यले चार दिवस बाई दरखेपी वळत."

माझ्याच आवाजात. माझेच चार शब्द. म्हणजे माय विसरली नव्हती. साऱ्या गावाला शेवाळाचे नाव सांगू दिले, मला पायरीवर बोलू दिले, आणि खरे काय ते फक्त या पाणी भरणाऱ्या बाईला सांगितले. कारण ते सांगितल्याशिवाय तिला चालता येणार नव्हते. माझा दोष माझ्यापासून लपवून तिने मला राखले, आणि तिला स्वतःला राखायला मात्र दुसरीकडे जावे लागले. यात मी कोणावर रागवावे ते मला अजून कळलेले नाही.

मी विचारले, पुन्हा पडलीस तर. ती ओट्यावर बसली, पदराने मानेचा घाम पुसला. "पडाचा भेव नाही लागत मले. पडल्यावर तुमी उचलून बाजेवर ठेवता नं, त्याचा भेव लागते."

माणसाकडून बळाने काम घेणे याला वेठ म्हणतात. त्या वेठीविरुद्ध मी कितीतरी कागद काळे केले आहेत. माणसाचे काम बळाने काढून घेणे, याला काय म्हणतात? मी शोधले. आम्ही त्याला मान म्हणतो, सेवा म्हणतो, लेक असावा तर असा म्हणतो.

पाडव्याला मायने पहिले पाणी आणले. गुंड अर्धाच भरला होता, कळशी नव्हती, आणि तीन पायऱ्यांना पूर्वीच्या तिप्पट वेळ लागला. कावेरी समोर होती. मी पडवीत होतो, ओठ मिटून. रांजणात पाणी पडले त्याचा आवाज मी मागूनच ऐकला. आजही ती पाणी आणते तेव्हा कावेरी समोर असते, आणि आजही मी जळतो. निंबाखाली जाऊन ते पाणी पितो, ते गार असते, त्याने काही विझत नाही. कधी तरी ती जागा मला मिळेल का, मला ठाऊक नाही. उलट्या पावलांनी चालणे मी गोठ्यामागे, कोणी नसताना, शिकतो आहे.

तुमच्या घरात कोणी बाजेवर असेल. तुम्ही तिला जपत असाल. तर हा कागद खाली ठेवा. बसल्या जागेवरून हाक मारू नका. उठा, चालत जा, तिच्या समोर उभे राहा, तिचे जे काही खुंटीवर टांगून ठेवले असेल ते तिला परत द्या. मग दोन्ही हात पुढे करा, वीतभर अंतर ठेवा, आणि धरू नका.